हँड चेकिंगला आलेले हात

भुताखेतांच्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. घालायला वेळ तरी कुठे होता? पहाटे पाचला वेवजीहून कंपनीची बस, मग तलासरी, चारोटी करत डहाणूकडे. दिवसभर पायात गमबूट आणि घरी आल्यावर कमरेला शेक. तरी आज लिहायला बसलेय, कारण दोन महिने झाले, ते मनातून जात नाही...

मी कोळंबीच्या कंपनीत आहे. चौदा वर्षं टेबलावर कोळंबी सोलली. आता नव्या बायकांना ट्रेनिंग देते आणि सकाळी हँड चेकिंग करते. म्हणजे आत सोडण्याआधी प्रत्येकीचे हात बघायचे. आधी तळवे वर, मग खाली. वाढलेलं नख, बांगडी, ओली जखम — काहीही दिसलं की प्रवेश नाही. टोपी आणि मास्कमुळे चेहरे दिसतच नाहीत, त्यामुळे मी बायकांना हातांवरून ओळखते.

मला सोलायला शिकवलं जानकीने. तलासरीकडच्या पाड्यावरची, हसरी बाई. डाव्या अंगठ्यावर सुरीचा आडवा व्रण. बर्फातली कोळंबी हाताळून बोटांची टोकं कायम फाटलेली. दोन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. शेवटी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "माझे पोरीला टेबलाला नको बसवू. ती बारावी करंल. दुसरं कायतरी शिकव तिला."

मी हो म्हटलं. अशा वेळी कोण नाही म्हणतं?

तिची पोरगी रसिला यंदा कंपनीत लागली, माझ्याच बॅचला. त्याच आठवड्यात आमचे मॅनेजर सर म्हणाले, "लॅबच्या ट्रेनिंगला तुमच्याकडून एक नाव द्या. सोमवारी बारापर्यंत. नाहीतर बाहेरून माणूस घेणार." लॅब म्हणजे माल तपासायचं काम, कोरडे हात, बसायला खुर्ची, पुढे बढती. बारावी सायन्स झालेली बॅचमध्ये एकटी रसिलाच. पण पोरीचा हात आईसारखा... आठवड्यात सराईत झाली. टेबलाला बायका कमी, आणि कमी पडल्या की मलाच सोलायला बसावं लागतं. माझी कंबर आता बसू देत नाही. मी लॅबचा फॉर्म कोराच ड्रॉवरमध्ये टाकला आणि रसिलाचं नाव टेबलाच्या यादीत लिहिलं.

सोमवारी सकाळी सात. नेहमीची रांग. मी मान खाली घालून हात बघतेय, "हां, जा... हां, जा..." मग दोन हात पुढे आले. पांढरेफटक, सुरकुतलेले, टोकं फाटलेली, डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण. मी सवयीने म्हटलं, "हां, जा."

हात हलले नाहीत. तळवे वर झाले, खाली झाले, परत वर झाले. रजिस्टरवर गार पाणी ठिबकलं. हात धुणं तर चेकिंगनंतर असतं! मान वर केली तर मास्कच्या वर रसिलाचे डोळे.

"मावशी, काय झालं?"

"हाताला काय झालं तुझ्या?"

तिने खाली पाहिलं आणि रडायलाच लागली. "घरून निघाले तेव्हा नव्हतं हो काही... गार लागतंय, मावशी."

तिच्या मागे कुंदा उभी होती, आमची जुनी कामगार. वाकून बघत म्हणाली, "अगं बाई! हे तर आमच्यासारखे हात झाले."

नियम म्हणजे नियम. मी रजिस्टरमध्ये लिहिलं — दोन्ही हातांना ओल्या भेगा, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण, प्रवेश नाही. तिला ट्रेनिंगच्या खोलीत बाकावर बसवलं. साडेअकरापर्यंत माझं कशातच लक्ष नव्हतं. शेवटी फॉर्म काढला, रसिलाचं नाव लिहिलं आणि सरांकडे देऊन आले.

परत आले तर पोरगी भिंतीला टेकून झोपलेली. मांडीवर हात, तळवे वर. कोवळे, कोरडे, साफ. अंगठा उलटून पाहिला. व्रण नाही.

सरांनी रजिस्टर वाचलं, तिचे हात पाहिले आणि म्हणाले, "तुम्हाला चष्मा लागलाय बहुतेक." कुंदा म्हणते ॲलर्जी असेल. असेलही. पण ॲलर्जीने जुना व्रण येतो आणि चार तासांत जातो? त्या पानावर पाण्याने शाई पसरलीय, ती अजून तशीच आहे.

रसिला आता लॅबमध्ये शिकतेय. पांढरा कोट घालून जाता-येता विचारते, "मावशी, तेव्हा नक्की काय झालं होतं?" मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. एवढंच तिला अजून सांगितलेलं नाही की, टेबलाच्या यादीत तिचं नाव लिहिताना तिच्या आईला दिलेला शब्द मी विसरले नव्हते. चांगला आठवत होता.