फणी कुणाच्या हाती

इंग्रजीत प्रत्येक गोष्टीला मालक लागतो, हे सुभद्राला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. तोवर तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत राहावं, पहाटे वाडीतला झेंडू अन् पालक खुडावा, नवऱ्यानं, खुशालरावानं, तो अमरावतीच्या बाजारात न्यावा, एवढ्यात तिचा संसार झाला होता. आता या वयात ती शेजारच्या प्रतीक्षासमोर पाटावर बसून धडे घेत होती. प्रतीक्षा लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची.

"काकू, नुसतं वॉश हँड्स नाही म्हनत. आय वॉश माय हँड्स. माय म्हना लागते."

"हात धुतले म्हनजे आपलेच ना व? शेजारनीचे कोन धुते?"

"त्याइच्या भाषेत सांगा लागते, कोनाचे ते."

आय ब्रश माय टीथ. आय वेअर माय शूज. दात माझे, बूट माझे. सुभद्रा म्हणाली, "लय हावरट भाषा हाय बापा. सारं माहं माहं." प्रतीक्षा पोट धरून हसली. सुभद्राही हसली, पण ते हसू ओठांच्या आत काही गेलं नाही.

धडे होते आचलसाठी. आचल तिच्या लेकीची लेक. पौर्णिमा ही सुभद्राची एकुलती एक पोर, तेल्हाऱ्याच्या गोपालला दिलेली. गोपाल पुण्यात कंपनीत लागला अन् दोघं तिकडेच राहिली. मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि पौर्णिमा गेली. आचल तेव्हा बोबडं बोलत होती. गोपालनं तिला सुभद्राच्या ओटीत आणून ठेवलं, म्हणाला, "आई, थोडे दिवस सांभाळा." थोड्या दिवसांची वर्षं झाली. पोर आजीच्या अंगाला अशी चिकटली, की खुशालराव म्हणायचे, हिला आता कोयत्यानंच सोडवावी लागेल.

यंदा गोपालनं दुसरं लग्न केलं. अकोल्याची वर्षाली, पोरगी चांगली होती. सुभद्रानं स्वतःच त्याला तसं सुचवलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात अन् आपलेच ओठ. पुण्याच्या शाळेत आचलचं नाव घालायचं होतं. शाळेच्या बाई फोनवरून पोरीशी इंग्रजीत बोलणार होत्या. पोर बोलली तर जूनमध्ये तिला न्यायचं, नाही बोलली तर आणखी वर्षभर बडनेऱ्यात. गोपालनं मोठ्या विश्वासानं म्हटलं होतं, "आई, ते तुमचंच ऐकते. उठल्यापासून जे जे करते, ते तिले इंग्रजीतून शिकवा."

म्हणजे सुभद्रा जितकं चांगलं शिकवणार, तितकी पोर तिच्यापासून दूर जाणार. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिला शिकवण्याची एकच रीत येत होती, हाताखाली घेऊन. पोरीचे हात आपल्या हातांत धरून ती चोळायची अन् म्हणायची, आय वॉश माय हँड्स. आचल डोळे मिटून तोंड वर करायची, की आय वॉश माय फेस म्हणत तिचं तोंड धुवायची. केसांची पाळी आली, की आचल फणी आणून आजीच्या हातात द्यायची आणि पाठ करून तिच्या पुढ्यात बसायची. तेल लागायचं, फणी फिरायची आणि दोघी एका सुरात म्हणायच्या, आय कोम माय हेअर. केस थेट पौर्णिमाचे, दाट, डावीकडे भोवरा. फणी भोवऱ्याशी आली, की सुभद्राचा हात जड व्हायचा.

एकदा प्रतीक्षानं ते पाहिलं. "काकू, केस तिचे विंचरता अन् माय म्हनता. चुकते ते."

"तिचे काय अन् माहे काय," सुभद्रा म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.

एके दिवशी मात्र तिच्या मनात पाप आलं. आज म्हणूच नये. उद्याही म्हणू नये. विसरली पोर तर विसरली. ती मुकाट्यानं विंचरू लागली. जरा वेळानं आचल आपणहून एकटीच म्हणाली, आय कोम माय हेअर, आणि मान वळवून पाहू लागली, आजी का बोलत नाही म्हणून. सुभद्राला स्वतःची लाज वाटली. मेलेल्या लेकीच्या पोरीच्या वाटेत आपण धोंड व्हायचं? त्या दिवशी तिनं सगळी वाक्यं दुप्पट घोकून घेतली.

ठरल्या दिवशी गोपाल आला. त्यानं टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला, शेजारी फणी, ब्रश, बूट मांडले अन् आचलला खुर्चीवर बसवलं. "आई, तुमी फोनच्या मांगं बसा. दिसू नका." सुभद्रा पलंगाच्या कडेवर बसली.

पडद्यातल्या बाई गोड होत्या. आचलनं नाव सांगितलं, रंग सांगितले. मग बाई म्हणाल्या, केस कसे विंचरतेस ते करून दाखव बघू.

आचलनं फणी उचलली, खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली, फणी आजीच्या हातात दिली आणि पाठ करून तिच्या पुढ्यात बसली. तिला विंचरणं म्हणजे हेच ठाऊक होतं.

फोनमध्ये रिकामी खुर्ची दिसत होती. बाई विचारू लागल्या, कुठे गेली? गोपाल कपाळावर हात मारून खुणा करत होता. सुभद्राच्या हातात फणी होती, समोर तो भोवरा होता. नुसतं विंचरलं असतं, तरी कुणी तिला बोल लावला नसता. बाई म्हणाल्या असत्या, अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. एक अख्खं वर्ष तिच्या हातात होतं.

तिनं फणी आचलच्या मुठीत परत दिली. "जाय माय. तुहे तूच विंचर."

पोरीनं असं वाक्य आजीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती थोडा वेळ आजीकडे पाहत राहिली. मग गेली, खुर्चीवर चढली, समोरचे केस वाकडेतिकडे ओढले आणि बारक्या आवाजात म्हणाली, "आय कोम माय हेअर."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. गोपालचा चेहरा फुलला. सुभद्रानं तेलकट हात पदरात घेतले आणि चहा ठेवायला आत गेली.

जूनमध्ये आचल गेली. तिच्या पिशवीत सुभद्रानं ती फणी कागदात गुंडाळून ठेवली. घर खायला उठलं होतं.

एका सकाळी ती वाडीत झेंडू खुडत असताना वर्षालीचा फोन आला. आवाज दबका होता. "आई, तुमाले एक विचारू का? अंघोळ झाली की आचल फणी माझ्या हातात देते अन् पाठ करून बसते. मी म्हनते, बेटा, तुले तर येते, कर ना. उठतच नाही. आताबी तशीच बसली हाय. बोलत नाही, रडतही नाही. मले काही समजून नाही राहिलं."

सुभद्राच्या ओठांवर आलं होतं, आणून दे तिला माझ्याकडे. तिनं ते गिळलं.

"काही नाही व पोरी. तिच्या मांगं बस. पहिले कोमट तेल लाव. भांग डावीकडून काढजो, तिथं भोवरा हाय, ओढू नोको. अन् विंचरताना तोंडानं म्हन, आय कोम माय हेअर."

"पन आई, केस तर तिचे हायेत ना?"

"तुहेच समज," सुभद्रा म्हणाली.

फोन चालूच राहिला. जरा वेळानं तिकडून दोन आवाज आले, एक मोठा, एक बारका, एकदमच बोलणारे. सुभद्रा धुऱ्याच्या बांधावर बसली होती आणि तिनं तोंडात पदराचा बोळा धरला होता, तिचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.