‘येतो’ म्हणून गेले

दम्मामहून निघालो तेव्हा डिकीत सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या), सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) चटणी, लोकरी टोप्या आणि सुरमईचा रिकामा थर्माकोलचा डबा होता. डबा कशाला, असं मी सानियाला विचारलं.

“बर्फ लाने के लिए,” ती म्हणाली.

माझी ही मुलगी जन्मली दम्मामला, बोलते हिंदीत, आणि दर हिवाळ्यात तबूकजवळच्या डोंगरावर पडलेल्या बर्फाचे व्हिडिओ दाखवून आमचं डोकं खाते. माझा नवरा मुनाफ दर वेळी पुढच्या वर्षावर ढकलायचा. या खेपेला पुढचं वर्ष उरलं नव्हतं. त्याच्या कंपनीतली हिशेबनिसाची जागा सौदी माणसालाच द्यायची असं ठरलं होतं, आणि आमचं खुरूज निहाई (देश कायमचा सोडण्याची परवानगी) निघायला थोडेच दिवस राहिले होते.

मला बर्फाचं फारसं नव्हतं. मला वाटेत हाइलला उतरायचं होतं. तिथे अबू फहद नावाच्या म्हाताऱ्याला गाठून सांगायचं होतं, की माझे अब्बा आता नाहीत.

अब्बांची उमेदीची सगळी वर्षं अबू फहदच्या दुकानात गेली. गव्हाच्या शेतांना लागणारे पंप आणि त्यांचे सुटे भाग ते विकायचे. अबू फहद त्यांचा कफील (ज्याच्या नावावर परदेशी माणूस इथे राहतो तो मालक). मग गल्ल्यावर सौदीच हवा असा नियम आला, अब्बांचा इकामा (राहण्याचा परवाना) वाढेना, आणि ते रत्नागिरीला खाडीकाठच्या घरी परतले. तिथे त्यांना करमलं नाही. दोन वर्षांत गेले. त्यांच्या मोबाइलमधला अबू फहदचा नंबर मी कितीदा लावून पाहिला, पण तो बंदच होता. तेव्हा फोनवर सांगता आलं नाही म्हणून चुटपुट लागली होती. आता समोरासमोर सांगायचं होतं.

रियाध मागे पडलं, कसीम गेलं, आणि तांबड्या वाळूतून मधूनच गव्हाची हिरवी गोल शेतं दिसू लागली. अब्बा म्हणायचे, पूर्वी ती संपायचीच नाहीत. आता मोजकीच उरलीत. एका वळणावर चटणीचा डबा उघडला आणि गाडीभर सोड्यांचा वास झाला. मुनाफने थंडीतही काचा खाली केल्या. मला मात्र तो वास बरा वाटला, घरचं कुणीतरी सोबत असल्यासारखा.

हाइल तांबूस डोंगरांच्या कुशीत वसलंय. बाजारात विचारत विचारत दुकान सापडलं. गल्ल्यावर अबू फहदचा थोरला मुलगा होता. मी अब्बांचं नाव सांगितलं तसा तो उठलाच, आणि आम्हाला गावच्या जुन्या वस्तीत घेऊन गेला. तिथे त्यांचं वडिलांच्या वेळचं मातीचं घर होतं. कित्येक वर्षं पडून होतं, म्हाताऱ्याने हट्टाने पुन्हा उभारायला काढलं होतं. अंगणात माती आणि गव्हाचं काड पाण्यात कालवून ठेवलं होतं, दोन मिस्त्री भिंत लिंपत होते, आणि त्यांच्यावर ओरडत अबू फहद बसला होता.

“बिन्त इब्राहीम,” (इब्राहीमची मुलगी) मुलाने सांगितलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला हाताने खुणावत तो आत चालू लागला. गुडघे त्रास देत होते, तरी त्याला दम नव्हता. मागच्या बाजूच्या एका खोलीशी थांबला. या जुन्या घरांना रस्त्याकडे खिडकी नसते, उंचावर झरोके तेवढे. या खोलीला चांगली मोठी खिडकी ठेवली होती, पश्चिमेला. तिच्याभोवतीची भिंत अजून उघडी होती.

ही खोली इब्राहीमची, तो म्हणाला. बंद खोलीत त्याचा जीव गुदमरायचा. आमच्या गावाला पश्चिमेला समुद्र आहे, असं तो सांगायचा. समुद्र मी कुठून आणू, पण खिडकी केली आहे.

मी मुनाफकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली.

मग कहव्यात (कहवा म्हणजे कॉफी; हाइलकडे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीलाही हेच नाव) बसवून अबू फहदने वेलचीची कॉफी ओतली. पुरे म्हणायचं तर रिकामा पेला हातात किंचित हलवायचा, ही इथली रीत मला ठाऊक होती. मी पेला हलवला नाही. पीत होते तोवर बोलावं लागत नव्हतं. तो भरत गेला, मी पीत गेले. त्याचं हिंदी मोडकं, माझं अरबी तसंच, पण समजत होतं. इब्राहीम सुटीवर निघाला की गाडीत बॅग टाकून एक शब्द म्हणायचा, असं म्हणून म्हाताऱ्याने तो शब्द उच्चारला.

“येतो.”

हाइलच्या मातीच्या घरात, अरबी तोंडून आमचा शब्द. 

त्याने अर्थ विचारला तर अब्बांनी सांगितलं होतं, मी येतोय. “जाताना ‘येतोय’ म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही,” अबू फहद म्हणाला. “आणि दर वेळी आला. शेवटच्या खेपेलाही तेच म्हणून गेलाय. कधी येतोय तो?”

मी पेला पुन्हा पुढे केला. मुनाफच मध्ये पडला, त्याने आम्ही कुठे निघालोय ते सांगायला घेतलं. बर्फाचं नाव निघताच म्हातारा हसला. अख्खा जन्म या मुलखात गेला आणि आपण बर्फ पाहिला नाही, म्हणाला. सानियाने लगेच त्याला बर्फ आणून द्यायचं कबूल केलं.

गाडीत बसल्यावर मुनाफ हळूच म्हणाला, “येताना सांगू.” तबूकपर्यंत मला माझा राग येत होता.

लोझच्या (लोझ म्हणजे बदाम) डोंगरावर धुकं होतं, आणि पायथ्यालाच पोलिसांनी रस्ता अडवला होता. वर गाड्या घसरताहेत, आता कुणालाही सोडणार नाही. सानियाचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात वरून उतरणाऱ्या गाड्या दिसल्या. टपावर, बॉनेटवर, पिकअपच्या हौद्यात, लोक बर्फच भरून घरी नेत होते. एक पिकअप आमच्याशेजारी थांबली. आतल्या बुरखेवाल्या बाईने सानियाची लोकरी टोपी आणि रडवेले डोळे पाहिले, नवऱ्याला काही म्हणाली, आणि त्याने फावड्याने ढीगभर बर्फ रस्त्याकडेला ओतून दिला. “खुदी, या बिन्ती,” (घे, मुली) ती म्हणाली.

त्या ढिगाशी आमची बर्फाची सुटी साजरी झाली. सानियाने बापाच्या कॉलरमध्ये बर्फ घातला, मुनाफ लहान पोरासारखा ओरडला. किती महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं. मग तो एकाएकी थांबला आणि डोंगराकडे बघत राहिला. “इतकी वर्षं इथं होतो,” म्हणाला, “आणि आज आलो.” मी त्याचा गार हात धरला.

परतताना हाइलला थांबलो तेव्हा अबू फहद अंगणातच होता. सानियाने मोठ्या तोऱ्यात डबा उघडला. आत पाणी, वर बर्फाच्या दोन चकत्या, आणि सुरमईचा दणदणीत वास. ती झाकण परत लावायला लागली. म्हाताऱ्याने मात्र नाक पुढे करून तो वास घेतला. “इब्राहीमच्या खोलीला हाच वास यायचा,” म्हणाला.

मग मला राहवेना. मी सांगून टाकलं.

त्याने मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते पुटपुटत म्हटलं.  मग, तक्रार केल्यासारखा म्हणाला, “पण तो ‘येतो’ म्हणाला होता.”

मी त्याला समजावलं, की आमच्याकडे ‘जातो’ कुणी म्हणत नाही. ते अशुभ. परत यायचं नसलं तरी उंबऱ्यावर ‘येतो’च म्हणायचं. बोलताना मलाच रडू फुटलं, कारण अब्बा विमानतळावर मलाही तेच म्हणाले होते आणि मीही ते खरं धरलं होतं.

अबू फहदने डबा उचलला. ते पाणी कालवलेल्या मातीत ओतलं, आणि मिस्त्र्यांना म्हणाला, ही माती खिडकीला लावा.

निघताना सवयीने शब्द ओठांवर आला, तो मी गिळला. आमचंही खुरूज होतं, पुन्हा इथे येणं नव्हतं. म्हातारा गाडीच्या काचेशी आला.

“म्हण,” तो म्हणाला. “आता अर्थ कळलाय मला.”

“येतो,” मी म्हटलं. मुनाफ म्हणाला. मागून सानियाही म्हणाली, मराठीत.

आता आम्ही खाडीकाठच्या घरी आहोत. मुनाफ काम शोधतोय, सानियाला इथली शाळा रुचत नाही. परवा अबू फहदच्या मुलाचा फोन आला. वडील गेले. घर पुरं झालं होतं, शेवटी शेवटी ते त्या खिडकीच्या खोलीतच झोपत. दवाखान्यात न्यायला गाडीत बसवलं तेव्हा दारातल्या सगळ्यांकडे बघून एकच शब्द म्हणाले, कुणालाच कळला नाही. इब्राहीमचा असावा. त्याचा अर्थ काय, असं तो विचारत होता.

त्याच्या बापाला जे समजावलं होतं, ते मला त्याला समजावता आलं नाही.

“मी येतोय,” मी म्हटलं. “एवढाच अर्थ आहे.”