गाडी कोणाच्या नावानं?

आमच्या घरची एक रीत होती. चाकाची कुठलीही वस्तू आली की ती घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या नावानं व्हायची. आजोबांच्या नावानं बैलांची बंडी, बाबांच्या नावानं मोटारसायकल, मग ट्रॅक्टर. पैसे कोणी भरले, चालवतं कोण, हा प्रश्न कोणाला पडत नसे. नोकरी लागल्यावर मी पगारातून स्कूटर घेतली, ती सुद्धा बाबांच्या नावानं. बाबांना स्कूटर येत नव्हती. एकदा बसले आणि शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन थांबले. तरी मालक तेच.

बाबा गेले आणि त्यानंतर घरात चाकाचं नवीन काही आलंच नाही. आई चामोर्शीला, धानाची शेती बटईनं, म्हणजे वाट्यानं देऊन एकटी राहते. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला. तिथल्याच क्वार्टरमध्ये मी आणि माझा नवरा. एका संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं, की आम्ही विजेवरची कार घेतोय. मला वाटलं, किंमत विचारेल. तिनं विचारलं, "आता घरात मोठी कोण?"

"तूच की."

"मंग माह्या नावानं कर."

मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, आनंदानं म्हटलं. शेत बाबांच्या नावाचं, घर बाबांच्या नावाचं, विजेचं मीटर अजून बाबांच्याच नावाचं. आईच्या नावावर या जगात आजवर काय होतं तर रेशन कार्डातली एक ओळ. पुढच्या आठवडी बाजारात तिनं भाजीवालीपासून बांगडीवालीपर्यंत सगळ्यांना बातमी दिली. चामोर्शीत माझ्या पदोन्नतीची एवढी चर्चा झाली नव्हती.

इकडे क्वार्टरमध्ये थट्टा सुरू झाली. "कोळसा तुम्हीच जाळा, वीज तुम्हीच करा, अन् गाडीत तुम्हीच भरा," असं शेजारची बाई म्हणायची. मी शोरूममध्ये जाऊन आईच्या नावानं बुकिंगही केलं. आणि इथं माशी शिंकली.

झालं असं, की विजेवरच्या गाडीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, असं नवऱ्यानं कुठंतरी वाचलं होतं. ती सवलत त्या मार्चअखेर मंजूर होणाऱ्या कर्जापर्यंतच होती आणि मार्च तर लागला होता. आम्ही धावत चंद्रपूरच्या एका कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "कर्ज कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"गाडी?"

"आईच्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "आई आयकर भरतात?"

"आई धान विकते."

"मग जमत नाही, मॅडम. सूट पाहिजे तर कर्जही तुमचं, गाडीही तुमची."

मला राग लवकर येतो, हे आमच्या अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. मी म्हटलं, "आई काय परकी आहे का? हप्ते मी भरणार, व्याज मी भरणार, मग नाव आईचं असलं तर सरकारचं काय बिघडतं?" ते शांतपणे म्हणाले, "कायद्याला आई कळत नाही, मॅडम. त्याला करदाता कळतो."

परत येताना मी नवऱ्याला सांगून टाकलं, खड्ड्यात गेली सवलत. पगारावर साधं कर्ज काढू, व्याज जास्त पडलं तर पडू दे, गाडी आईच्याच नावानं होईल. तो म्हणाला, "बघ बाई." त्याचं 'बघ बाई' म्हणजे त्याला पटलेलं नसतं, पण भांडायची हिंमत नसते.

रविवारी आईच्या सह्या आणि कागद घ्यायला आम्ही चामोर्शीला गेलो. मूल आणि सावली ही गावं मागे गेली, वैनगंगेचा पूल आला तरी मी मनात एकच ठरवत होते, की आईला सवलतीचं काही सांगायचं नाही. घरी पोचलो तर आई बैलांच्या कोठ्यात होती. बैल विकले तेव्हापासून त्या कोठ्यात नुसती जुनी बंडी पडून होती. आईनं ती गड्याकडून एका कडेला सरकवून घेतली होती. जमीन शेणानं सारवली होती. आणि भिंतीवर, जिथं बैलांचे कासरे टांगलेले असायचे, तिथं एक जाडजूड नवा प्लग पॉईंट बसवून घेतला होता.

"इथी लावजो गाडी," ती म्हणाली. "लाईनमनले इचारून घेतलं, एवढा पॉईंट पुरते म्हणते."

मी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं, गप्प राहा म्हणून. पण माझा नवरा सासूसमोर खोटं बोलू शकत नाही. जेवताना आईनं सहज विचारलं, "जवाईबापू, कागद झाले ना सारे?" आणि त्यानं सवलतीची सगळी कथा सांगून टाकली.

आई भात कालवायची थांबली. "म्हंजे माह्या नावानं घेतली तं तुले सूट नाई?"

"नाही."

"अन् तुह्या नावानं घेतली तं हाय?"

"हो, पण राहू दे ना आई ते."

"काऊन राहू दे?" ती एकदम कडाडली. "तुह्या बाबानं धानाचा बोनस कधी सोडला नाई. बियाण्याच्या सबसिडीसाठी भर उन्हात लाईनीत उभे राहे. अन् तू एवढी शिकून सवरून घरी आलेली सूट सोडून राह्यली? अक्कल गहाण ठेवली का?"

शेतकऱ्याच्या घरात सवलत सोडणं हे अन्न टाकण्याइतकंच पाप आहे, हे मी पगाराच्या नादात विसरले होते. मी हसले. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू विरलं. बोलून झालं होतं तिचं, पण ती उघड्या दारातून कोठ्याकडे पाहत होती. "जाऊ दे नाव," ती हळूच म्हणाली. "नाव काय खाता येते का?" मला त्या क्षणी त्या सल्लागाराचा, सरकारचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला. बाजारभर सांगून बसली होती ती.

हात धुऊन आल्यावर तिनं अचानक विचारलं, "त्या गाडीले गेर असते का?"

"नसतो."

"क्लच?"

"तोही नसतो."

"मंग असते तरी काय त्याच्यात?"

"दोन पायडल. एक चालवायचं, एक थांबवायचं. आणि स्टेअरिंग."

आईनं दारातून बंडीकडे पाहिलं. लग्नाआधी माहेरी ती बंडी हाकायची, हे मी ऐकून होते. सासरी आल्यावर कासरे पुन्हा हातात आले नाहीत, कारण बंडी आजोबांच्या नावाची होती आणि हाकणारे बाबा होते.

"बैल तरी बिचकते," ती म्हणाली. "हे तं बिचकतही नाई. तुह्याच नावानं कर गाडी. पण चालवाले मले शिकव."

नवऱ्याच्या हातून पाण्याचा पेला सुटला. मी मात्र टाळी वाजवली.

मार्च संपायच्या आत कर्ज मंजूर झालं आणि उन्हाळ्यात गाडी आली. आई महिनाभर ऊर्जानगरला राहिली. कॉलनीचे रस्ते रुंद आणि दुपारी मोकळे. एका बाजूला धुरांडी, दुसऱ्या बाजूला निलगिरीची झाडं आणि मधून आई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, स्टेअरिंगला कासऱ्यासारखं धरून. सुरुवातीला वळताना ती बैलांना करतात तसं तोंडानं 'हो, हो' करायची. थांबताना मात्र बोलायचं विसरायची आणि पायडलही विसरायची. कंपनीची बस समोरून आली की बसवाला आधीच कडेला थांबायचा. शेजारची बाई गॅलरीतून हात जोडायची. मी शिकवताना दोनदा ओरडले, तेव्हा आई गाडीतून उतरून नवऱ्याला म्हणाली, "जवाईबापू, तुम्ही शिकवा. हिच्यानं जीव घाबरून राह्यला." पुढचं सगळं त्यानंच शिकवलं.

परवान्यासाठी डॉक्टरांनी डोळे तपासले. ते तिला चष्म्याबद्दल विचारत होते आणि ती त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचून दाखवत होती. परीक्षेत ती पहिल्याच खेपेला पास झाली. परवाना हातात आला तेव्हा तिनं आपला फोटो पाहून नाक मुरडलं आणि मग नावावरून अंगठा फिरवला. पहिलं नाव तिचं होतं. मला रडू आलं, सरळ सांगते, आणि मी ते लपवलं नाही.

चामोर्शीत आम्ही बाजाराच्या दिवशीच शिरलो. आई गाडी चालवत होती, नवरा तिच्याशेजारी, मी मागे. गाडीचा आवाज येत नाही, म्हणून आई हॉर्न सोडतच नव्हती. बांगडीवालीनं खिडकीशी येऊन ठेवणीतला प्रश्न विचारलाच, "कोणाच्या नावानं केली वो बाई मंग?"

आई म्हणाली, "पोरीच्या. तिले सूट भेटते." आणि कमरेच्या पिशवीतून परवाना काढून तिच्या हातात दिला. "हे माह्या नावानं."

बांगडीवालीनं तो उलटसुलट पाहिला, शेजारणीला दाखवला, ती पुढच्या दुकानात घेऊन गेली. परवाना बाजारभर फिरून आला तोवर भाजीवालीला गाडीतून घरी सोडायचं ठरलंही होतं.

त्या रात्री गाडी कोठ्यात लागली, बंडीच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी निघताना मी किल्ली मागितली तर आई म्हणाली, "राहू दे आठ दिवस. बहिणीकडं जाऊन येतो सावलीले." आठ दिवसांचे मग कितीतरी आठवडे झाले.

पुढल्या वर्षी आयकराचं विवरणपत्र भरायला मी पुन्हा त्याच सल्लागाराकडे गेले. व्याजाचा दाखला पाहून ते खूश झाले. "बघा, सूट मिळाली की नाही? गाडी आता तुमच्याच नावानं ना?"

"माझ्याच."

"आणि चालते कशी?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "आईला विचारावं लागेल."

ते हसले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, की परत कशी जाणार. मी म्हटलं, कंपनीच्या बसनं. आणि खरंच, खिडकीशी जागा मिळाली म्हणून मी फार खुशीत घरी आले.