दादाच्या ड्रममधले काळे दाणे

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत हा प्रकार आमच्या घरात चालत नाही. आईबाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी आईने घरातले गंडेदोरे चुलीत घातले. तेव्हा मी हे लिहितोय म्हणजे म्हातारपणी डोक्याने ढिला झालोय, असं कृपा करून समजू नका. जे घडलं ते सांगतो. अर्थ तुम्ही लावा... मला तर लागला नाही.

नागपूर, इंदोरा. साल पंचाहत्तरच्या अलीकडेपलीकडे. दोन खोल्या, मागे न्हाणी आणि न्हाणीला लागून टिनाचं शेड. त्या शेडमध्ये माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा ड्रम होता. दादा खाणीच्या जीपवर ड्रायव्हर. जाईल तिथून खिसे भरून रंगीत गोटे आणायचा. तेलाच्या डब्याला आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर लावून, जुन्या कूलरची मोटर जोडून त्याने गोट्यांना पॉलिश करायचं यंत्र बनवलं होतं. डब्यात गोटे, पाणी आणि दगड घासायची पावडर घालायची, झाकण आवळायचं आणि आठवडाभर फिरत ठेवायचं. आधी जाडी पावडर, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पांढरी पॉलिशची. नियम एकच — आधीच्या पावडरीचा कणसुद्धा पुढच्या फेरीत जाता कामा नये. जाडा दाणा राहिला की चमक येते कुठली, चरे पडतात.

दादा काविळीने गेला. त्याचा शेवटचा घाणा अर्धाच राहिला.

वर्ष उलटल्यावर आईनेच विषय काढला. सुमनवहिनी, म्हणजे दादाची बायको, जेमतेम पंचविशीची. आईने स्वतः चंद्रपूरचा एक मास्तर पाहिला, बायको वारलेला, माणूस सरळ. गल्लीने नाकं मुरडली. आई म्हणाली, "माहा पोरगा गेला, हिची जिनगानी नाही गेली." वहिनी कशीबशी तयार झाली. तिचं एकच मागणं होतं. "भाऊजी, त्यायचे ते गोटे पुरे करून द्या. मी संगं नेईन."

मी घाणा लावला. पॉलिशची फेरी झाल्यावर उघडला तर गोट्यागोट्यावर चरे! वहिनीने एक गोटा उजेडात धरला आणि तिचा चेहराच उतरला.

"त्यायच्या मनात नाही," ती म्हणाली. "मी नाही जात चंद्रपूरले."

माझं डोकंच सणकलं. अरे, चरे पडले म्हणजे पावडर मिसळली, एवढं साधं लॉजिक! मेलेल्या माणसाच्या माथी काय मारता? पण वहिनी हलेना. म्हणजे आता गोटे चमकले नाहीत तर ठरलेलं लग्न मोडणार आणि ही पोरगी उभा जन्म कोपऱ्यात काढणार. मी कंबर कसली.

पहिला चोर लगेच सापडला. खुद्द आई! डबा काळाकुट्ट दिसतो म्हणून तिने तो भांड्यांसोबत विटेच्या भुकटीने खसाखसा घासून ठेवला होता. मी कपाळावर हात मारला.

"आई, हा काही भात शिजवायचा गंज आहे का?"

"मंग काय घाणेरडा ठेवू?" ती उलट माझ्यावरच.

मी डबा बदलला, रबर बदललं, ब्रश नवा आणला. भेगेत पावडर अडकून बसते म्हणून भेग असलेला एकेक गोटा बाहेर काढला. पाणी फडक्यातून गाळलं. घरात उरलेली जाडी पावडर गल्लीच्या टोकाला नालीत नेऊन ओतली. मग बारीक पावडरीपासून पुन्हा सुरुवात केली आणि पॉलिशपर्यंत आलो... पुन्हा चरे! तळाशी काळे, जाडे दाणे. बोटांत चोळले तर करकर वाजले. जाडी पावडर या नव्या डब्याने पाहिलीसुद्धा नव्हती. वहिनीने ट्रंकेत भरलेली लुगडी काढून परत दोरीवर टाकली.

पॉलिशच्या पावडरीची एकच पुडी उरली होती. ती वाया घालवायला मन धजेना. ठरवलं, या खेपेला नुसतं पाणी आणि किसलेला धुण्याचा साबण. पावडरच नसली तर दाणे येतात कुठून, ते तरी कळेल.

भरदुपारी मोटर चालू केली. वहिनी दारात उभी होती. "बंद करा भाऊजी," ती म्हणाली. "काहून त्यायले त्रास देऊन राहिले?"

आई आत गहू निवडत होती. सूप आपटून उठली, तरातरा आली आणि फिरत्या ड्रमपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून रे बापा? राग आला असन तर माह्यावर काढ. मीच म्हणून राहिली तिले जा म्हणून. लेकरू आहे ते, जगू दे ना तिले! बस कर आता!"

एवढं बोलून ती गहू निवडायला गेली. मला तर आईचाच राग आला. सुनेच्या खुळाला हिने कशाला खतपाणी घालावं?

आठवडा भरल्यावर ड्रम उघडला. वर फेस. फेसाखाली चाळून चाळून पाहिलं, काळा दाणा एक नाही. ओला गोटा कुठलाही चमकतो, म्हणून पुसून उन्हात वाळवले. तरी आरसा! लाल, दुधी, हिरवट... चरा औषधालासुद्धा नाही. आणि पॉलिशची पुडी फळीवर बंदच्या बंद.

साबणाने मळ जातो, थोडं तेज येतं, मान्य. चरे कसे जातील? भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना विचारलं. म्हणाले, तूच पावडर घातली असशील आणि विसरला असशील. अहो, पुडी फोडलीच नव्हती तर घालू कुठून! दाणे आले कुठून, गेले कुठे... इतकी वर्षं झाली, मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी वहिनीने गोटे पदरात घेतले आणि दोरीवरची लुगडी उतरवायला गेली. आई एक गोटा अंगठ्याने चोळत तशीच उभी राहिली. दादा गेला तेव्हाही आम्ही तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"जिता होता तवा माहा एक शब्द आयकला नाही यानं," ती म्हणाली, आणि तिथंच न्हाणीपाशी बसून हमसून हमसून रडली.