चूलबंद आवतण

हे सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. दर लग्नसराईला आठवायचं आणि दर लग्नसराईला काहीतरी निमित्त काढून मी ते पुढे ढकलायचो. आता ढकलायला फारशी वर्षं उरलेली नाहीत, म्हणून सांगून टाकतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत थोडक्यात लग्न उरकून द्यावं, तर ते माझ्या साडूंनीच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पिंपळवंडीचे. आमच्या सगळ्यांचेच वाडवडील मेंढरं राखायचे. माझ्या वाट्याला कचेरीतली खुर्ची आली, त्यांच्या वाट्याला शेती. पण नजर मात्र त्यांच्याकडे मेंढपाळाचीच राहिली. कळप समोरून गेला की त्यात किती मेंढरं होती ते नुसतं बघून सांगत. ती नजर त्यांनी वऱ्हाडावर वापरली.

कुणाच्या घरी लग्न ठरलं की साडू न बोलावता हजर. पहिला प्रयत्न साखरपुड्यातच लग्न लावून टाकण्याचा. ते जमलं नाही, तर पत्रिका हातात घेऊन खालची आशीर्वाद देणाऱ्यांची यादी पेनाने खोडायचे. "पत्रिकेत नाव आलं की डोक्याला फेटा आला," असं त्यांचं म्हणणं. घोड्याला त्यांचा कायमचा विरोध होता. एका नवरदेवाला त्यांनी मळ्यातून घरी परतणाऱ्या ट्रॅक्टरवर बसवून मांडवात आणलं, कारण ट्रॅक्टर तसाही त्याच रस्त्याने येणार होता. पुढाऱ्यांच्या भाषणांची तर त्यांना मनापासून भीती वाटे. भाषणाने माणसाची भूक वाढते आणि भात जास्त लागतो, हा त्यांचा सिद्धांत. तिसरा वक्ता उठला की माइक हमखास बंद पडायचा आणि साडू जनरेटरच्या बाजूने हात पुसत यायचे.

पण त्यांची खरी विद्या चपलांची. अक्षता पडायच्या आधी ते मांडवाच्या दाराशी हात मागे बांधून उभे राहायचे आणि बाहेरच्या चपलांकडे बघत बसायचे. मग आचाऱ्याच्या कानाला लागायचे. घाटघरच्या एका लग्नात त्यांनी भाताचं दुसरं पातेलं चढवूच दिलं नाही. आचारी संतापला, मुलीचा बाप रडकुंडीला आला. शेवटची पंगत उठली तेव्हा एका माणसापुरता भात उरला होता. तो साडूंनी खाल्ला. ते नेहमीच शेवटी जेवायचे. आपला अंदाज आपल्याच पोटावर तपासायचे म्हणा ना.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि हात आखडता होता. साडू महिनाभर आमच्याकडे येऊन राहिले. त्यांनी एकच गोष्ट मला दहा वेळा बजावली. भावकीला चूलबंद आवतण, वस्तीला घरटी एक. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक म्हणजे घरातून एकच माणूस. मी मान डोलावली आणि वस्तीवर आवतण द्यायला निघालो. तिसऱ्याच घरी एक म्हातारी म्हणाली, "सायबाच्या पोरीचं लगीन, आन घरटी एकच व्हय?" माझी साहेबी तेवढ्याने दुखावली. मी म्हणालो, "कोण म्हणतं? चूलबंद आहे." त्या घरी म्हटल्यावर पुढच्या घरांना वेगळं कसं सांगणार? साऱ्या वस्तीला चूलबंद सांगून मी घरी आलो आणि साडूंना काय, बायकोलाही बोललो नाही.

व्हायचं तेच झालं. वस्तीची माणसं पोराबाळांसकट थेट जेवायच्या वेळेलाच आली, तोवर साडूंचा चपलांचा हिशेब आचाऱ्याच्या कानावर घालून झाला होता. नवऱ्याकडची शेवटची पंगत बसली आणि भात, भाजी, बुंदी, सगळंच संपलं. नवऱ्याचा मामा पत्रावळीवरून उठला. "व्याही, जेवाया बोलावलं का जेवान बघाया?" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. माझी मुलगी मुंडावळ्या बांधलेली तशीच खाली मान घालून बसली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "अंदाज आमच्या साडूंचा. त्यांना काटकसरीची फार हौस."

साडू दारापाशीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपणहून माइककडे गेले. "पावणं, अंदाज माझा चुकला. आर्धा घंटा द्या." एवढं बोलून ते वस्तीच्या बायकांत जाऊन काय बोलले ते मला आजही ठाऊक नाही. पण मी ज्या चुली बंद ठेवायला सांगितल्या होत्या, त्या सगळ्या अर्ध्या तासात पेटल्या. टोपल्या भरभरून गरम भाकरी आल्या, पिठलं आलं, ठेचा आला. तोच मामा तीन भाकरी खाऊन उठला आणि आजही भेटला की त्या पिठल्याचंच बोलतो. मुलगी मानाने सासरी गेली.

साडूंना मात्र त्यानंतर कुणी लग्नाचं विचारलं नाही. "त्येंच्या हातचं जेवान कमी पडतं," असं सगळीकडे झालं. ते लग्नाला यायचे, पण पाव्हण्यासारखे. पहिल्या पंगतीत मुकाट बसायचे. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसे.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी ठरवून पिंपळवंडीला गेलो. आधी कांद्याचं बोलणं झालं, बिबट्याचं झालं. मग तेच सहज म्हणाले, "भाऊ, तुमच्या मांडवात बारक्या पोरांच्या चपला लई व्हत्या. घरटी एक म्हणलं की बाप येतो. चार बोटांची चप्पल येत न्हाई."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"पोरगी निघाली व्हती की नांदायला. बापानं घोळ घातला म्हणून तिला जल्मभर आयकावं लागलं आसतं. मावशीच्या नवऱ्याचं कोण मनावर घेतंय?"

मी "साडूभाऊ" एवढंच म्हणालो. तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. चहा चांगला झालाय, असं मी म्हणालो आणि पुढच्या खेपेला बोलू म्हणून उठलो.

पुढची खेप त्यांच्या दहाव्याची. घाटावर माणूस मावत नव्हता. आवतण कुणी दिलेलं नव्हतं, तरी घरंच्या घरं आली होती. मी कडेला उभा राहून चपला बघत होतो. त्यांत चार बोटांच्याही होत्या. श्रद्धांजलीचा माइक फिरत फिरत माझ्याकडे आला. माणूस फार प्रेमळ होता, असं म्हणून मी तो पुढे दिला. त्या दिवशी माइक बंद पाडणारंही कुणी नव्हतं. मला पुरेसा वेळ होता. त्या वेळात बोलायची होती ती दोनच वाक्यं.

साडूभाऊ, चूलबंद मी सांगितलं होतं. तुमचा अंदाज चुकला नव्हता, मला माफ करा.