निम्म्या चढावरची डोकेदुखी

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही. शेजाऱ्याच्या उसाला टनेज जास्त पडलं की माझ्या पोटात दुखतं. कुणी नवी गाडी घेतली की दोन दिवस मी त्याच्या दारावरून जात नाही. एवढं चालतं, चारचौघांचं असंच असतं. पण मी सख्ख्या बायकोवर जळलो, आणि तेही साठी ओलांडल्यावर.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात माझी नोकरी झाली. नोकरीत अभ्यासदौरे भरपूर. सभासदांना घेऊन कधी ठिबक बघायला जायचं, कधी उसाच्या नव्या जाती, कधी रोपवाटिका. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत मी हिंडलो. त्या सगळ्या वर्षांत बायको घरी. गुरं तिच्याकडं, पोरगी तिच्याकडं, उसाचं पाणीही तिच्याकडंच. मी आलो की एक साडी नाहीतर मिठाईचा पुडा तिच्या हातात ठेवायचो आणि जेवता जेवता काय काय बघितलं ते सांगत बसायचो. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "आगं बया! व्हय का?" ते ऐकायला मला लई गोड वाटायचं. कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या हॉटेलात आम्हा रिटायर लोकांचा कट्टा भरतो, तिथंही प्रवासाचं काही निघालं की सगळे माझ्याच तोंडाकडं बघायचे.

पोरगी पुण्याला असते. तिनं आम्हा दोघांची स्पितीची ग्रुप टूर बुक केली. हिमालयात, पार तिबेटच्या अंगाला. चौदा माणसं, बरोबर आपला स्वैपाकी, एक गाईड, आणि शेवटी तीन तासांचा चढ चढून जुन्या पडक्या किल्ल्यावर जायचं. पोरीनं बजावलं, "बाबा, उंचावर दम लागतो. रोज चालायची सवय करा दोघं."

म्हणून आम्ही पहाटं कॅनॉलच्या कडेनं चालायला लागलो. मी बारामतीतून महागाचे बूट आणले, टोपी आणली, काठी आणली. बायको साध्या बुटात, साडीचा पदर खोचून. पहिल्या दिवशी ती माझ्याबरोबर होती. चौथ्या दिवशी ती पुढच्या मोरीवर बसून माझी वाट बघत होती. तिचा जन्म बांधावरून वैरणीचे भारे आणण्यात गेलेला. माझा जन्म त्याच बांधापर्यंत मोटारसायकल घालण्यात गेलेला. दूध घालायला निघालेला एक जण गाडी थांबवून म्हणाला, "काय तात्या, वैनींनी मागं टाकलं की तुमास्नी!" मी हसलो. पण घरी येऊन तिला म्हटलं, "येवढं पळायची काय गरज हाय? शर्यत हाय का?" ती म्हणाली, "आवो, मी कुठं पळतेय? सादंच तर चाललेय."

सादंच! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

टूर सुरू झाली तशी गाईडनं एक पद्धत घातली. ही गाईड पुण्याचीच, तिशीची, चुणचुणीत पोरगी. रोज सकाळी नाष्ट्याच्या वेळी ती प्रत्येकाच्या बोटाला चिमट्यासारखी मशीन लावायची आणि रक्तातला ऑक्सिजन मोठ्यानं वाचायची. पहिल्याच सकाळी, "काका, चौऱ्याऐंशी. पाणी जास्त प्या." आणि लगेच, "काकी, त्र्याण्णव! वा काकी, टॉपर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको लाजून पदराआड हसली. मीही टाळ्या वाजवल्या, आणि पोह्यात लिंबू जास्त झालंय म्हणून स्वैपाक्यावर खेकसलो.

रोज हेच. बसमध्ये तिला पुढची खिडकी, तिच्याभोवती बाया. इंदापूरच्या एक रिटायर मास्तरीणबाई होत्या, त्या तर तिला सोडायच्याच नाहीत. मी दोनदा माझ्या पंजाबच्या दौऱ्याचा विषय काढला. लोकांनी ऐकला, नाही असं नाही, पण ऐकता ऐकता खिडकीतून बघत होते.

चौथ्या दिवशी एका गावाच्या कडेला पडकी घरं बघायला थांबलो. मातीच्या भिंती, सपाट छतं, काही ढासळलेली. गाईड सांगत होती की शेकडो वर्षांच्या ह्या भिंती कशा टिकल्या ते अजून नीट कळत नाही. बायको एका भिंतीपाशी वाकली, नखानं थोडं खरवडलं आणि म्हणाली, "चिखल कुजवलाय ह्यांनी."

गाईड म्हणाली, "म्हणजे काय काकी?"

तर ही बोलायला लागली. तिचं माहेर मोरगाव. कोरडवाहू गाव, तिथं त्यांचं धाब्याचं घर, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मातीत भुस्सा घालून चिखल दहा-बारा दिवस तसाच ठेवायचा, रोज पायानं तुडवायचा, वास यायला लागला की मग भिंतीला घ्यायचा. छतावर आधी लाकडं, मग काटक्या, मग पाला, मग माती, आणि वरून पांढरी माती. पाऊस तोंडावर आला की तिची आई आणि ती छतावर चढून भेगा बुजवायच्या. हे सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. सगळी माणसं ऐकत उभी होती. गाईड वहीत लिहून घेत होती. लिहून! माझ्या अख्ख्या नोकरीत माझं कुणी काही लिहून घेतलं नाही, मस्टरवरची सही सोडली तर.

आणि मलाही ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती छतावर चढायची हे मला स्पितीत कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

गाईड म्हणाली, "काकी, वरच्या किल्ल्यात एक खोली आहे, तिचं छत अजून शाबूत आहे. त्यावर दर वर्षी बर्फ पडतो, तरी टिकलंय. तुम्ही बघाच."

"बर्फाच्या वज्यानं कसं ऱ्हायलं आसंल?" बायको मला म्हणाली. जेवताना म्हणाली, झोपायला जाताना म्हणाली, सकाळी दात घासताना परत म्हणाली. "आवो, मला ते छत आतनं बघायचंय. काटक्या कशा बसवल्यात ते." लग्न झाल्यापासून तिनं 'मला अमुक पाहिजे' असं म्हटलेलं मला आठवत नाही. आता ती एका छतासाठी लहान पोरीसारखी झाली होती, आणि मला त्या छताचाही राग यायला लागला होता.

चढाच्या दिवशी निम्म्यावर माझं डोकं दुखायला लागलं. हे खरं होतं, खोटं बोलत नाही. कपाळात घण घातल्यासारखं. आम्ही एका दगडांच्या ढिगापाशी बसलो. गाईडनं मशीन लावली, तोंड गंभीर केलं. म्हणाली, "काका, तुम्ही पुढं यायचं नाही. आपले मदतनीस तुम्हाला हळूहळू खाली नेतील, उतरलं की बरं वाटेल. काळजीचं काही नाही. काकी, तुम्ही एकदम ठणठणीत आहात. चला तुम्ही."

मदतनीस तिथलाच, पन्नाशीचा, भरवशाचा माणूस. त्यानं माझी सॅक उचललीसुद्धा. बायकोनं वर बघितलं. किल्ला दिसत होता, मातीच्याच रंगाचा, डोंगराला चिकटलेला. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"जाऊ का?" ती म्हणाली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. ती वर जाणार. बघून येणार. बसमध्ये सगळे तिला विचारणार, घरी पोरगी तिला विचारणार, कट्ट्यावरचे लोक तिला विचारणार. आणि मी भाकरी मोडता मोडता म्हणणार, व्हय का?

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणालो, "मला काय सुधरंना झालंय बघ. डोळ्यापुढं अंधारी येतीय. तुला जायचं तर जा."

डोकं दुखत होतं. अंधारीबिंधारी काही येत नव्हती.

ती लगेच उठली. "मी ह्यांच्यासंगं खाली जाते," गाईडला म्हणाली. गाईडनं समजावलं, मास्तरीणबाईंनी समजावलं, तो मदतनीससुद्धा हिंदीत म्हणाला की माताजी, मैं हूँ ना. पण ती माझा हात धरून उतरायला लागली. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासात माझं डोकं दुखायचं थांबलं. पार थांबलं, काही झालंच नव्हतं जणू. वरची माणसं अजून मुंग्यांएवढी दिसत होती, म्हणजे बायको परत फिरली असती तर तिला त्यांना गाठता आलं असतं. मी बोललो नाही. खाली गाडीपर्यंत मी कण्हत राहिलो आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर ग्रुपवर फोटो आले. त्यात त्या खोलीचा एक फोटो होता, अंधुक. बायको तो दोन बोटांनी मोठा करून बघायची. दुपारी गुरांचं झालं की ओट्यावर बसून बघायची. "काटक्यांच्या वर काय हाय ते दिसतच न्हाय," स्वतःशीच म्हणायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आगं आता बास की! मातीच हाय ती." तिनं फोन पदराखाली घेतला. त्यानंतर माझ्यासमोर कधी बघितला नाही. मला हे जास्त लागलं. पण मी काय करणार, माझंच थोबाड.

कट्ट्यावर मी किल्ल्याचं वर्णन केलं. गेलो होतो असं म्हणालो नाही, नव्हतो गेलो असंही म्हणालो नाही.

ह्या वर्षी गाईडचा फोन आला. माझ्या फोनवर नाही, तिच्या. फक्त बायकांची टूर होती, तोच रस्ता. बायकोनं फोन ठेवला आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "मी जाणार हाय." जाऊ का, नव्हे. मी गुडघ्याचं बोललो, धारा कोण काढणार ते बोललो, उसाच्या लागणीचे दिवस आहेत म्हणालो. गुरांसाठी तिनं कळंबच्या तिच्या बहिणीला पंधरा दिवस बोलावून घेतलं होतं. लागणीचे मजूर ठरवले होते. माझ्या गोळ्यांचे पुडे वारांची नावं लिहून फळीवर ठेवले होते. हे सगळं तिनं कधी केलं मला पत्ता नाही.

निघायच्या दिवशी बारामतीच्या स्टँडबाहेर टूरची गाडी येणार होती. आम्ही दोघंच उभे. तिच्या पायात आता नवे बूट होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मागल्या खेपंला माझं डोकं दुखायचं निम्म्या उतारावरच थांबलं होतं. आन अंधारी तर आलीच न्हवती."

ती गाडीच्या वाटेकडं बघत होती. म्हणाली, "ठावं हाय मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय छत खाली आलं आसतं?" ती म्हणाली. गाडी आली. तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि चढून बसली.

सातव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी उसात होतो. वारा लई होता तिकडं, आवाज तुटत होता.

"गेले वर," ती म्हणाली.

"बघितलं?"

"बघितलं." मग अगदी सपाट आवाजात, "येवढं काय नव्हतं. लांबनंच बरं दिसतं. तुमी आलता आन न्हाय आलता, सारखंच."

मागून गाईड ओरडली, "काकी, खोटं! काका, ऐकू नका! तासभर त्या छताखाली झोपून वर बघत होत्या, उठायलाच तयार नव्हत्या! रडल्या पण!" बायका हसल्या. बायको कुणाला तरी दटावत होती, गप बसा गं, गप बसा.

एवढ्या उंचावर जाऊनही तिला माझ्याच पोटदुखीची काळजी.

"खरं सांग," मी म्हणालो.

"आवो, खरंच—"

"मी ऐकतो. खरं सांग."

मग हळू म्हणाली, "काटक्यांच्या वर काटेरी झुडपं आंथरल्यात. आडवी एक, उभी एक. म्हणून माती धरून ऱ्हाती." आणि मग तिचा बांध फुटला. लाकडं कशी काळी पडलीत, भिंतीवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे कसे अजून आहेत, बाईचीच बोटं असणार एवढी बारीक, आई असती तर तिला फोन लावला असता. ती बोलत होती, हसत होती, मध्येच नाक ओढत होती. मी बांधावर बसलो होतो. एकेका शब्दाला जळत होतो, आणि "पुढं?" म्हणत होतो. एवढी आनंदात असलेली माझी बायको मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती तशी झाली होती तिथं मी नसल्यामुळं.