हिरवी आई

परवा जालन्यात दादाच्या कागदावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. काचेमागे हिरव्या चेहऱ्याची आई दिसली आणि जाफराबादच्या घरातला फिनेलचा वास एकदम माझ्या नाकात शिरला.

तेव्हा आई पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणं-मुतणं, चादरी, पेज, सगळं मी एकटी करायचे. दादा उशाशी बसून तिची चित्रं काढायचा, आणि ब्रश तिच्याच पाण्याच्या फुलपात्रात बुडवायचा. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातला ओला कागद हिसकावला. चेहरा शेवाळासारखा हिरवा, तोंडाच्या जागी काळा खड्डा. आईनं त्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून मी तो तिच्यासमोर धरला.

"बघ माय, तुझ्या लाडक्यानं तुझं कसं भूत करून ठेवलंय!"

आई बराच वेळ बघत राहिली. हिरवा ओघळ माझ्या मनगटावर उतरला.

"बराबर काढलंय त्यानं," ती म्हणाली. "असंच दुखून राह्यलंय मला. तू रोज अंग पुसती, पर तुला न्हाई दिसलं."

मी चादरी उचलल्या आणि धुवायला गेले.

"किती जवळून पाहिलंत हो आईला!" प्रदर्शनात एक बाई दादाला म्हणाल्या. मी चित्रात खाली पाहिलं. पेज पाजायला आईची मान उचलून धरणारा एक हात तिथं आहे. तो माझा. त्याला दादानं रंग दिलेलाच नाही. नुसता कोरा कागद सोडलाय.